मातीची चार डोकी

रवि. ६ ऑगस्ट २००६, लीड्स

काल ग्रीसहून परत. कपड्यांची तिसरी मशीन चालू. बेटावरचं ते टीचभर म्युझियम काही डोक्यातून जात नाही. शिल्पकाराचं राहतं घर, दोन-तीन खोल्या. लेकीच्या, ईशाच्या हट्टापायी आम्ही नवरा-बायकोही गेलो. तिथल्या बाईंनी सांगितलं, मूर्ती घडवून मुलाचं डोकं फिरतं अशी त्याच्या आईची समजूत. त्याने मातीत केलेलं ती फोडून टाकायची. ती गेल्यावर तो म्हातारपणी पुन्हा कामाला लागला.

सुहास म्हणाला, "काय बाई तरी!" ईशाने माझ्याकडे बघितलं. "बट शी लव्ह्ड हिम, आई, नाही का?"

मी "हो" म्हटलं आणि पोस्टकार्डं चाळत बसले.

मंगळ. ८ ऑगस्ट

लिहूनच टाकते. ईस्टरच्या सुट्टीत लेक रिव्हिजन सोडून गॅरेजमध्ये मातीची डोकी करत बसायची. चार झाली होती. एक माझं, नाक तर हुबेहूब. मेडिसिनच्या प्रवेशाची ऑफर ए-लेव्हलच्या, इथल्या बारावीच्या, ग्रेड्सवर अडकलेली, मला धीर निघेना. ती लायब्ररीत गेल्यावर चारही बादलीत बुडवली, दरवर्षी बागेत गणपती बुडवतो तशी. कच्ची माती, संध्याकाळपर्यंत नुसता गाळ. गॅरेज गळलं, असं सांगितलं तिला. सुहासलाही तेच. हॉस्पिटलात पेशंटच्या नातेवाइकांना वाईट बातम्या तोंडावर सांगणारी मी.

ती रडली नाही. अभ्यासाला बसली. मला तेव्हा हायसं वाटलं होतं. त्याचीच जास्त लाज वाटते.

गुरु. १७ ऑगस्ट

रिझल्ट. तीन ए. फोनवर फोन. पुण्याच्या आत्यांना ईशा तिच्या इकडच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "आईमुळे झाला सगळं." आत्या फोनवर माझं कौतुक करत राहिल्या. मी ऐकून घेतलं.

शनि. १९ ऑगस्ट

आज सांगितलं. ती पुस्तकं खोक्यात भरत होती.

"ईशा, गॅरेज गळलं नव्हतं."

"माहितीये. तो अख्खा वीक पाऊसच नव्हता."

"मग बोलली का नाहीस?"

"वाटला, तू सांगशील."

माफ कर म्हणाले. तिने मान हलवली, खोक्याला टेप लावत राहिली. मग वर न बघता, "आई, मी मेडिसिन नाही केला तर चालेल?"

चालेल म्हणायला माझं काय जात होतं?

खालून सुहासची हाक, जेवायला या. "आले" म्हणाले आणि सरळ खाली आले. ईशा अजून वरच. तिचं ताट झाकून ठेवलंय.