इंजिनाचं अंतर शून्य मीटर

१५ नोव्हेंबर १९७६, सोमवार

गणिताचे गिरिधर सर बँकेत लागले. बारावीचा हा पहिलाच वर्ग, मार्चमध्ये बोर्ड, आणि फळ्यावर त्यांचं अर्धं उदाहरण तसंच राहिलेलं. मुख्याध्यापक अण्णासाहेबांनी स्टाफरूममध्ये विचारलं, कॅल्क्युलस कोण घेईल. सगळे कपात बघू लागले. मी म्हटलं, मी घेते. बी.एस्सी. आहे, तीही त्या काळची. तीस वर्षं आठवीला शिकवलं म्हणून वरचं विसरले असं नाही.

आम्ही हैदराबादला सगळं उर्दूत शिकलो. रफ्तार, फासला. आता पुस्तक इंग्रजीत आणि मुली मराठीत. विषय तोच आहे.

संकल्प: रोज पहाटे पाचला उठून दहा उदाहरणं.

१७ नोव्हेंबर, सकाळी साडेसात

उठायला उशीर. थंडी. पण डेरिव्हेटिव्ह हाताखालून आपोआप उतरलं. अंतराचं सूत्र दिलेलं असतं; एकदा डेरिव्हेटिव्ह घेतलं की वेग, पुन्हा घेतलं की त्वरण. एवढंच. लोक उगाच बाऊ करतात.

तीन उदाहरणं केली. दोन उत्तरं पुस्तकाशी जुळत नाहीत. छपाईच्या चुका. प्रकाशकाला कळवलं पाहिजे.

२४ नोव्हेंबर

तास उत्तम झाला. चौदाही मुली खाली मान घालून लिहीत होत्या. फक्त प्रभावती मध्येच उठली. ही बदनापूरहून रोज गाडीने येते, इंजिनिअरिंगला जायचं म्हणते. चेंडू वर फेकला तर थोड्या वेळाने वेग उणे येतो, तर उणे वेग म्हणजे काय, असं विचारत होती. मी सांगितलं, उणे आला म्हणजे हिशोब चुकला, पुन्हा कर. ती उभीच राहिली. मग बसली. बाकीच्यांनी मुकाट्याने उणे चिन्हं खोडली.

शिस्त असली की विषय कोणताही शिकवता येतो.

९ डिसेंबर

पहाटेचा संकल्प सध्या स्थगित. सर्दी आहे. शिवाय दहा उदाहरणं वरवर करण्यापेक्षा एक उदाहरण मनापासून वाचावं, हे जास्त शास्त्रीय. आज एक वाचलं.

६ जानेवारी १९७७

पूर्वपरीक्षेचा पेपर काढला. अण्णासाहेबांचा नियम असा की पस्तीसच्या खाली आलेल्या मुलीला यंदा बोर्डाला बसवायचं नाही. पहिल्या बॅचचा निकाल शंभर टक्के हवा. मला नियम पटतो.

एक प्रश्न स्वतः रचला, आठ गुणांचा. पुस्तकात परदेशी मोटारी असतात. मी जालना स्टेशनवरचं शंटिंगचं इंजिन घेतलं. t मिनिटांनंतर सिग्नलपासूनचं त्याचं अंतर s = 60t² − 10t³ मीटर. पहिल्या सहा मिनिटांत इंजिनाने एकूण किती अंतर कापलं? सहा घातले. एकवीसशे साठ उणे एकवीसशे साठ. शून्य. इतकं स्वच्छ उत्तर आलं की मी स्वतःवरच खूश झाले.

१७ जानेवारी, सोमवार

पेपर तपासले. तेरा जणींनी शून्य लिहिलं. माझं शिकवणं पोचलं याचा हा पुरावा. प्रभावतीने मात्र सहाशे चाळीस लिहिलं, वर रुळांचं चित्र काढलं, त्यावर बाण. गणिताच्या पेपरात चित्रं. आठपैकी शून्य दिले. गाडी उशिरा आल्याने तिचा अर्धा पेपर राहिला होता; बेरीज एकतीस.

वाईट वाटलं. पण नियम म्हणजे नियम.

१८ जानेवारी

प्रभावती पेपर घेऊन स्टाफरूमच्या दारात आली. म्हटलं, उत्तर शून्य आहे, सगळ्यांचं आलं आहे. ती खालच्या आवाजात म्हणाली, "बाई, चार मिनिटाला वेग शून्य होतो. तिथंवर इंजिन तीनशे वीस मीटर गेलं. मंग तेवढंच मागं आलं. जागेवर आलं, पण चाललं तर ना. कोळसा जळाला का न्हाई?"

मी म्हटलं, कोळशाचा प्रश्न विचारलेला नाही. आत निघून गेले. कान गरम झाले होते. जानेवारीतलं ऊन फसवं असतं.

१९ जानेवारी

सहज, काही कारण नसताना, ते उदाहरण पुन्हा केलं. डेरिव्हेटिव्ह घेतलं. चारला वेग शून्य. चारच्या पुढे उणे. पुस्तकाची मागची पानं काढली. छपाईच्या म्हणून ज्या दोन चुका मी नोंदवल्या होत्या, त्या छपाईच्या नाहीत.

प्रकाशकाला पत्र टाकलं नव्हतं हे बरं झालं.

तरीही न्याय सगळ्या बाजूंनी बघावा लागतो. सहाशे चाळीस बरोबर धरलं तर तेरा जणींचे आठ-आठ गुण जातात, पैकी पाच जणी पस्तीसच्या खाली. एकीसाठी पाच जणींचं नुकसान करणं मला शोभणार नाही. हा विचार माझ्यासाठी नाही, मुलींसाठी आहे.

२० जानेवारी

प्रभावतीचे वडील संपत आले. बदनापूरच्या शेती संशोधन केंद्रात कामाला आहेत. अर्धा दिवस रजा टाकून आले होते. हात जोडून उभे. म्हणाले, "पोरगी म्हणती उत्तर बराबर हाय. मला त्यातलं काही कळत न्हाई. पण बाई, मामानं तिला सोयरीक आणली. परीक्षा होऊ द्या म्हणून मी सगळ्यांना थांबवून राह्यलो. यंदा न्हाई बसली तर मंग मला काही बोलता येणार न्हाई."

मी म्हटलं, बघते. उत्तर बरोबर आहे असं म्हणायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात घंटा झाली. तास माझा नव्हता. तरी उठले.

ते गेल्यावर लक्षात आलं, समोर दोन खुर्च्या रिकाम्या होत्या आणि मी त्यांना बसा म्हटलं नव्हतं.

२१ जानेवारी, दुपार

उपाय सापडला. कोणाचाही अपमान नाही. अण्णासाहेबांना सांगितलं, सायक्लोस्टाइलमध्ये प्रश्न नीट उमटला नाही, तो रद्द करावा. त्यांनी लगेच मान्य केलं. म्हणाले, मग ब्याण्णवपैकी गुण धरून शंभरात काढा. मी ऐटीत टेबलाशी बसले. प्रभावतीचे चौतीस आले.

तीनदा केलं. चौतीसच.

२१ जानेवारी, संध्याकाळ

शाळा सुटल्यावर अण्णासाहेबांकडे पुन्हा गेले. वाक्य तयार करून गेले होते: "शैक्षणिक दृष्टीने पुनर्विचार करता..." ते तोंडातून निघेना. सायक्लोस्टाइल चांगलं होतं, चूक माझी होती, पोरीचं उत्तर बरोबर होतं, असं उभ्या उभ्या सांगितलं. राजीनामा द्यावा लागेल अशी मनाची तयारी होती.

अण्णासाहेबांनी विचारलं, इंजिन शेवटी होतं तिथेच आलं ना? मी म्हटलं, आलं. मग शून्य कसं चूक, म्हणाले. मी खडू घेऊन त्यांच्या खोलीच्या फरशीवर रूळ काढले, बाण दाखवले. त्यांनी बराच वेळ पाहिलं. "उमाताई, मला काही कळलं नाही. तुम्ही म्हणता तर तिचे आठ गुण द्या, बाकीच्यांना हात लावू नका. आणि फरशी पुसून घ्या."

पुसली. एकोणचाळीस. ती बसते.

मोकळं वाटायला हवं होतं. फारसं वाटत नाही. उद्या वर्गात चूक कबूल करायची. मुलींना धक्का बसेल, पण शिक्षकाने असा आदर्श घालून द्यावा. तेरा जणींना नीट समजावून सांगायला पूर्ण तास लागेल. रूळ रंगीत खडूने काढीन.

२२ जानेवारी, शनिवार

हजेरी घेतली. प्रभावतीला बोर्डाला बसता येईल असं सांगितलं. तिने नुसती मान हलवली. मग रंगीत खडूने रूळ काढले, सिग्नल काढला. सांगितलं की माझं उत्तर चुकलं होतं, खरं उत्तर सहाशे चाळीस. कोणाला धक्का बसला नाही. वह्याही उघडल्या नाहीत. मी म्हटलं, उतरवून घ्या, तुम्हा तेरा जणींना हे येत नाही.

पहिल्या बाकावरची नीला उठली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. म्हणाली, "बाई, येतं आम्हाला. रोज दुपारच्या सुट्टीत प्रभाच शिकवते. पण पेपर तुम्ही तपासणार होता. तुमचं शून्य येणार हे ठाऊक होतं, म्हणून शून्य लिहिलं."

इतर मुली बाकाकडे बघत होत्या. कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं.

मी प्रभावतीला विचारलं, मग तू का नाही लिहिलंस शून्य?

ती उभी राहिली. "मला वाटलं, तुम्ही वाचाल."

तासाची चाळीस मिनिटं उरली होती. मी हजेरीपट उघडून नावं घ्यायला सुरुवात केली. हजेरी मघाशीच झाली होती. चौथ्या नावाला माझ्या ध्यानात आलं, पण थांबता येईना. पोरींनी हजेरी पुन्हा दिली.