विकतचा धूर

ती. दादास धाकटीचा नमस्कार,

देवदयेने इथे सगळे धडधाकट आहोत. आईचे गुडघे कसे आहेत? वहिनी तेल लावून देतात ना?

यांची काचेची भट्टी मालकाने बंद केली. घाबरू नकोस, आधी ऐक. सरकारने प्रत्येक कारखान्याला धुराचा वाटा ठरवून दिलाय. ज्याचा उरतो, त्याने तो दुसऱ्याला विकायचा. मालकाने चढा भाव पाहिला, आपला सगळा वाटा विकला आणि भट्टीच विझवली. यांनी विचारलं, "मग बाटल्या कोण करणार?" तर म्हणाला, "अरे, बाटल्यांपेक्षा न सोडलेला धूर महाग जातो! जा, झोपा काढ."

आणि तो वाटा घेतला कोणी? आमच्या भिंतीपलीकडच्या लोखंडाच्या कारखान्याने. आता त्यांची काजळी माझ्या धुतल्या कपड्यांवर, देवाच्या वस्त्रावरसुद्धा. सांगायला गेले, तर दरवान वर तोंड करून म्हणतो, "बाई, फुकटचा नाही, विकतचा धूर आहे हा!"

एकाने न केलेलं पाप विकायचं, दुसऱ्याने ते विकत घेऊन राजरोस करायचं. किळस आली रे दादा. घरचा हिशेब मीही ठेवते, पण असला नफा माझ्या वहीत शिरणार नाही.

पण हे रिकामे बसून झुरायला लागले. उद्यापासून त्याच लोखंडाच्या भट्टीवर जाणार आहेत. इथे पेटती भट्टी आता तेवढीच. मी अडवलं नाही.

आईला सांग, जावयांना काम मिळालं. कुठे, ते सांगू नकोस. देवाला मी सांगितलंय, मान खाली घालून.

वहिनींना नमस्कार, पोरांना पोटभर आशीर्वाद.

तुझी,
धाकटी