गोमाजीकाकाचं मातीचं वाडगं

आंधळगाव, रविवार, १२ एप्रिल

आज ग्रामसभेत माझा पार पोपट झाला.

गावचा तलाव खोल खोदाचं ठरून राहिलं होतं. मी कॉलेजात जिऑलॉजी शिकते, म्हणून दोन दिवस बसून स्लाइड्स बनवल्या. तळाशी चिकनमातीचा थर आहे, तो फोडला तर पाणी खालच्या मुरमात झिरपून जाईल. बरोबर तर होतं सारं! पण मी 'इम्परमिएबल लेयर' म्हणली अन् मागून एक बाई बोलली, "पोरी, मराठीत सांग ना वं."

मी आपली स्लाइड मागं-पुढं करत राहिली.

तेवढ्यात गोमाजीकाका उठले. तलावात मासे धरतेत ते. जाळ्याचा बांबू तळात रोवला का टोकाले जी काळी माती लागते, तीच घेऊन आले होते. तिचं वाडगं केलं, पाणी ओतलं. एक थेंब गळला नाही! मग बोटानं बुडाले भोक पाडलं. सारं पाणी त्यायच्याच पायावर.

"झालं, गेला तलाव," काका म्हणे. सारे हासले. ठराव झाला, वरचा गाळच काढाचा, थराले हात नाही लावाचा.

तलाव वाचला. मग मी काहून जळून राहिली? वाडग्यानं दाखवलं ते माझ्याच तर स्लाइड्समधलं होतं... पण काका माती घरूनच घेऊन आले होते, माझं ऐकाच्या आधी.

निघताना म्हणे, "उद्या शाळेत पोरायले दाखवाचं हाय. येशील का? पाणी ओताले कोणी पाहिजे."

मी हो म्हणली. पण खरं लिहू? वाडगं भरलं तेव्हा मी मनात म्हणत होती, गळ, आत्ताच गळ. ते गळलं तर सारे थर फोडतील अन् तलाव जाईल, हे माहीत असून.