स्पर्धेत नसलेला किल्ला

चिंचवड,
शुक्रवार, १० नोव्हेंबर १९७२

चि. मुकुंद यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

रविवार, दिनांक ५ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजनाचा दिवस, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी आमच्या कॉलनीच्या फाटकापाशी एक अपराध घडला. वेळ अगदी नक्की आहे, कारण अपराध्याच्या मनगटावर घड्याळ होतं आणि ती वेळ तिने लाल शाईने कागदावर नोंदवूनही ठेवली. अपराधी कोण ते पुढे येईल. लहानपणी तू गोष्टीचं शेवटचं पान आधी वाचायचास, तसं आता करू नकोस.

तुझा गुडघा कसा आहे? शुभदाचं ब्लडप्रेशर, तुझे गुलाब? (नाशकाला तरी पाणी आहे का? इथे नळ दिवसाआड येतो, तोही पाहुण्यासारखा, आल्याआल्या निघायच्या तयारीत.) मी बरी आहे. म्हणजे प्रकृतीने. बाकी मी बरी नाही, म्हणून हे पत्र.

कॉलनीच्या कमिटीने यंदा मुलांच्या दिवाळीच्या किल्ल्यांची स्पर्धा ठेवली. सेक्रेटरी सदाशिवराव मला परीक्षक व्हा म्हणून सांगायला आले. एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत इतिहास शिकवलेली बाई चारुलताकडे, म्हणजे लेकीकडे, राहायला आलेली असताना दुसऱ्या कुणाला विचारायची त्यांची छातीही नव्हती. मी फूटपट्टी, लाल पेन आणि यादी घेऊन निघाले. यादीत अकरा किल्ले. अंघोळीचं पाणी बादलीत धरून मुलांनी चिखल कालवला होता, त्यामुळे एक-दोन बुरुजांना साबणाचा वास येत होता. मी त्याचे गुण कापले नाहीत. इतकी मी उदार आहे, हे पुढच्या मजकुराआधी नोंदवून ठेवते.

परतताना वॉचमनच्या चौकीमागे, टाकीच्या सावलीत, मला बारावा किल्ला दिसला. यादीत नव्हता. (यादीत नाव नसलेली मुलगी वर्गात बसलेली दिसली तर मी तिला तशीच सोडत असे का?) किल्ला कसला, ना तट, ना बुरूज, ना दरवाजा, ना पेरलेले अळीव. नुसता एक बोडका डोंगर, त्यात एक चर खणलेला, आणि वर सगळीकडे पांढरी रांगोळी, जणू कुणाच्या हातून डबा लवंडलाय. कुंभाराकडचे नऊ मावळे, पण त्यांच्या ढाली-तलवारी घासून टाकलेल्या, आणि भोसरीच्या वर्कशॉपात लेथ मशीनला फासतात तो हिरवा रंग त्यांना दिलेला. नऊच्या नऊ आडवे. कोणी पालथा, कोणी कुशीवर, दोघे तर एकमेकांवर. दहावा म्हणजे मूळचा किल्ल्याखालच्या बाजारात मांडतात तो बसका वाणी. तोही हिरवा, आणि एका दगडाआड पाठ करून बसलेला. आणि शिखरावर महाराजच नाहीत!

मुकुंदा, तुला मी माहीत आहे. भिंतीवर तसबीर वाकडी दिसली तर मी परक्याच्या घरातही उठते. चौकीच्या दाराशी केरसुणी टेकवलेली होती, तिने मी सगळी रांगोळी झाडून काढली. नऊ सैनिक उचलून दोन रांगांत उभे केले, मध्ये फूटपट्टीने मोजून दोन-दोन इंच अंतर. एक सारखा पडत होता, त्याच्या पायाखाली चिखलाचा गोळा दाबला. सिंहासन रिकामं बरं दिसत नाही म्हणून त्या वाण्याला उचलून शिखरावर बसवलं. मग लाल शाईने कागद लिहिला, ‘स्वच्छता शून्य. रचना शून्य. सैनिक बेशिस्त. दहापैकी एक गुण, तोही रंगकामाच्या कष्टाला. तपासले, ११.१०,’ आणि तो काडीला टोचून डोंगरात रोवला. वॉचमन ज्योतीराम तेव्हा पाण्याच्या टँकरमागे गेला होता.

इथेच थांबले असते तरी निभावलं असतं. पण मंगळवारी पाडव्याला बक्षीस समारंभ होता आणि ‘जगाला कलाटणी देणाऱ्या लढाया’ यावर माझं भाषण होतं. मॅरेथॉन, पानिपत, प्लासी, वॉटर्लू. प्रत्येकीची कारणं, घटना आणि परिणाम. वॉटर्लूच्या आदल्या रात्रीच्या पावसाने झालेल्या चिखलापाशी आले तेव्हा मला आपला कॉलनीतला चिखल आठवला, आणि मी म्हणाले की लढाया शिस्तीने जिंकल्या जातात. आपल्या फाटकापाशी मात्र एक असं सैन्य आहे की जे ऐन लढाईत झोपा काढतं. काय हशा पिकला! टाळ्याही पडल्या. (मी त्या घेतल्या.)

मागे पाण्याच्या पिंपाजवळ ज्योतीरामची बायको मंजुळाबाई उभी होती. आमच्याकडे भांड्यांना येते, वर्षभरात ती माझ्याशी दहा वाक्यं बोलली नसेल. ती हशा संपेपर्यंत थांबली, मग म्हणाली, “झोपल्याली न्हाईत ती, बाई. मेल्याली हायेत.” आणि जाताजाता, “आन् सपर्धेत नाव कुनी घातलं व्हतं आमचं?”

त्यानंतर मी वॉटर्लूऐवजी पुन्हा प्लासीचेच परिणाम सांगितले म्हणे. मला आठवत नाही.

घरी जाताना सदाशिवरावांनी सांगितलं ते असं. बासष्ट साली, चीनच्या लढाईत, ज्योतीराम वर बर्फात होता. डोंगराच्या एका धारेवर दहा जण. रात्रभर त्यांनी ती धार धरून ठेवली, आणि उजाडलं तेव्हा तो एकटा. मातीचे सैनिक दिवाळीतच बाजारात मिळतात, म्हणून दर दिवाळीला तो ती धार बांधतो आणि तुळशीच्या लग्नानंतर मोडतो. कोणाला दाखवत नाही. एकूण, मी हिमालयावरचं बर्फ केरसुणीने झाडलं, मेलेल्यांना फूटपट्टीने कवायतीला उभं केलं आणि त्यांना बेशिस्त म्हटलं. चारूने मला फक्त एवढंच विचारलं, “आई, दिसेल ते तपासायलाच हवं का गं?” मी लाल पेन काढून तिच्या हातात दिलं. ते पाहून चारूच घाबरली.

बुधवारी सकाळी गेले. कॉन्व्हेंटात सिस्टर अगाथा आम्हाला चूक उभं राहून, मोठ्याने, कारणं न देता कबूल करायला लावायच्या; तशी तयारी करून गेले होते. तर मला पाहून ज्योतीरामच उठून उभा राहिला आणि सलाम ठोकला. मी जे काय बोलले त्यात कारणंच जास्त होती. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “उभं केलंत त्याचं काय न्हाई बाई. तीन दिस उभी ऱ्हायली, बरंच वाटलं बगाया. पर मला वर बसवलंत, त्ये तेवढं बरोबर न्हाई. मी खाली व्हतो, दगडाआड. म्हनून तर हितं हाय.”

मी वाण्याला उतरवून दगडाआड ठेवलं. दगड दोनदा पडला, दोनदा परत लावला. बाकीचे कोण कुठे होते ते विचारलं, तर “ऱ्हाऊ द्या यंदा” म्हणाला आणि ट्रक आला म्हणून फाटक उघडायला गेला. तेव्हापासून ते नऊ जण तसेच उभे आहेत, माझ्या दोन-दोन इंचांवर, बर्फाशिवाय. ही क्षमा आहे की शिक्षा, मला कळत नाही. विचारायचा धीर नाही. भाजीला आता मी मागच्या दाराने जाते.

सौ. शुभदास आशीर्वाद. कळावे.

तुझी,
अक्का

ता. क. मंजुळाबाईच्या घरी चकल्यांचा डबा पाठवला होता. डबा रिकामा परत करू नये ही रीत तिने पाळली. आत माझा लाल शाईचा कागद होता, नीट चौघडी घातलेला.

ता. क. दुसरा. तुळशीच्या लग्नाआधी तू इथे ये. फाटकाने ये, आणि ज्योतीरामपाशी बस. तुम्ही दोघं काय बोलायचं ते बोला किंवा नका बोलू. ते नऊ जण जिथे होते तिथे ठेवायला त्याला कोणीतरी हवं आहे, आणि ती मी नाही. मी रांगोळी चाळून ठेवली आहे.

ता. क. तिसरा, आणि पत्र खरं याच्यासाठी. बासष्टच्या डिसेंबरात तू लढाईवरून रजेवर आलास, तेव्हा मी तुला तीन तास पानिपतात कोण कुठे चुकलं ते सांगितलं, आणि वर्तमानपत्रावरून, तुम्ही कुठे चुकलात तेही. तू “हो अक्का” म्हणत भुईमुगाच्या शेंगा सोलत होतास. टोपलीभर सोलल्यास, एक दाणा तोंडात टाकला नाहीस. मला वाटलं तू ऐकतोयस. तुझ्या डाव्या पायाची दोन बोटं बर्फाने गेली, ती मुकुंद पहिल्यापासून बुटांच्या बाबतीत निष्काळजी म्हणून, असं मी दहा वर्षं नातेवाइकांत सांगत आले आहे. आयुष्यभर मी ज्यांची उत्तरं मला आधीच पाठ होती तेवढेच प्रश्न विचारले. हा तसा नाही.

ज्योतीरामचे नऊ होते. तुझे किती होते?

उत्तर लेखी हवं, बुधवार, १५ नोव्हेंबर, दुपारच्या टपालाच्या आत. गुण देणार नाही.