हाताने सुटेल इतकंच

४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

चार दिवस माझ्याकडे राहून आई-बाबा आज सकाळी सातला तुझ्याकडे निघाले. चाळीस वर्षांची गाडी, एकाहत्तरीचे बाबा आणि मधे घाट. संध्याकाळपर्यंत पोहोचतील, या आशेवर लिहितो आहे. मी एक घोळ घालून बसलोय. आधी वाच, मग शिव्या घाल.

डिकी भरायची बाबांची रीत तुला ठाऊकच आहे. पाने, पक्कड, जॅक, सगळं जाड कापडात गुंडाळून तळाच्या खळग्यात, म्हणजे खडखडाट नको. त्यावर स्टेपनी, आणि तिच्यावर तो दोन कानांचा नट, हाताने सुटेल इतकाच आवळलेला. काल तो फिरवताना त्यांची बोटं थरथरताना मी पाहिली. स्टेपनी जराशी हलतही होती. घाटात सुटून आपटेल, या धास्तीने ते आंघोळीला गेल्यावर मी माझ्या घरातली पक्कड घेतली आणि नट गच्च आवळला. गाडी गेल्यावर डोक्यात उजेड पडला. आता तो सोडवायला पक्कड हवी, आणि त्यांची पक्कड स्टेपनीच्या खाली! चाक पंक्चर झालं तर भर रस्त्यात दोघं काय करतील?

बारा तारखेला ते तुझ्याकडून आपल्या घरी निघतील. त्याआधी भाऊजींकडून नट सैल करून घे. बाबांना कळू देऊ नकोस. त्यांच्या डिकीला हात लावणं म्हणजे काय, हे तुला सांगायला नको.

लोभ आहे तसा ठेव, निदान हे पत्र वाचून होईपर्यंत.

तुझा
धाकटा


६ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद, आणि एक धपाटा.

दोघं सुखरूप आहेत. हे आधी वाच आणि पाणी पी. पण तुझं पत्र उशिरा पोहोचलं रे. चाक त्याच दिवशी पंक्चर झालं, घाट उतरल्यावर.

आई सांगते, बाबा तासभर त्या नटाशी झटत होते. दगडाने ठोकून पाहिलं, अंगठा सोलला, आई उन्हात बसून राहिली. शेवटी एक ट्रकवाला थांबला. त्याने आपल्या पान्याने झटक्यात नट काढला, चाक बदललं आणि म्हणाला की आजोबा, या वयात असं दोघांनीच निघू नये. एरवी बाबांनी त्याला चार शब्द ऐकवले असते. त्यांनी नुसते आभार मानले म्हणे.

नट आपणच बोटांनी आवळलेला, मग तो सुटला नाही तो बोटांच्याच दोषाने, असं त्यांनी मनाशी धरलंय. तीस वर्षं लेथवर काढलेला माणूस आपले हात उलटेसुलटे करून बघत बसतो. मला बघवत नाही. काल ह्यांना म्हणाले, गाडीला गिऱ्हाईक बघा. अकरा तारखेला एक जण येतोय.

तुझं पत्र मी दाखवणार नाही. बँकेतल्या कारकुनाने पक्कड धरली की असंच व्हायचं, पण निस्तरायचं तुझं तुलाच. उलट टपाली बाबांना लिही.

माया कमी झालेली नाही, राग मात्र आहे.

ताई


८ मार्च

ती. बाबांच्या चरणी शि. सा. न.

नट मी आवळला होता. पक्कडीने, तुम्ही आंघोळीला गेलात तेव्हा. तो कुणाच्याच बोटांनी सुटला नसता. त्याच्या कानांवर पक्कडीचे दात उमटलेले असतील, बघा.

तुमची बोटं थरथरताना दिसली आणि मी घाबरलो. तोंडावर विचारायचा धीर झाला नाही, म्हणून हा चोरटा उद्योग. तुमचा अंगठा, आईचे हाल, सगळं माझ्यामुळे. गाडी विकायची तर खुशाल विका, पण माझ्या चुकीपायी विकू नका. हवं तेवढं रागवा, अबोला तेवढा धरू नका.

आपला
धाकटा


११ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद.

पत्र काल मिळालं. राग आला. मग डिकी उघडून नट उजेडात धरून पाहिला. दात स्पष्ट आहेत. सहा दिवस मी स्वतःला मोडीत काढून बसलो होतो. गिऱ्हाईक आज आलं, त्याला चहा पाजून परत पाठवलं.

ते गेल्यावर नट बोटांनी आवळून सोडवून पाहिला. तीनदा जमलं. चौथ्यांदा बोटांनी ऐकलं नाही. ताईला हे सांगितलेलं नाही. तुझी भीती खोटी नव्हती, वागणं चुकलं. भीती मलाही वाटते. तू विचारलं नाहीस, मीही बोललो नाही. बापलेक सारखेच.

उद्याचं निघणं रद्द केलं आहे. रजा काढून ये. घाटात गाडी तू चालव, मी शेजारी बसेन आणि शक्यतो तोंड बंद ठेवीन.

गेलं वर्षभर डोळ्यांचं निमित्त करून तुला येणारी माझी पत्रं आईकडून लिहून घेत होतो. डोळे ठणठणीत आहेत. हे पत्र माझ्या हातचं आहे. अक्षर लागलं नाही तर आल्यावर विचार, वाचून दाखवीन.

बाबा