रुखवतावरचं नाव

वत्सलावहिनी,

आम्ही सगळ्या पालघरला बांगड्या भरायला जातोय. तुमचा मोरांचा टेबलक्लॉथ माझ्या रुखवतात मांडायचाय. साखळी टाका तुमच्याकडे शिकले खरी, पण माझा हात काही बसला नाही. कोपऱ्यातलं तुमचं नाव मी उसवलंय. तिथे संध्याकाळपर्यंत ‘हेमलता’ भरून ठेवा. तारापूरच्या माझ्या होणाऱ्या सासूबाई कापड उलटं करून टाके बघतात म्हणे, तेव्हा मागूनही सफाई हवी.

कुणी विचारलं तर मीच भरलाय म्हणणार. उद्या तुम्ही मांडवात येऊ नका. दादा गेल्यापासून तुम्ही शुभकार्यात पुढे आलेलं बरं दिसत नाही.

लाल रेशीम डब्यात आहे. तुम्हाला अंगावर चालत नसलं, तरी भरायला चालतं.

हेमा