टेव्हियनच्या नावाचा रस्ता

प्रिय आई,

राजधानीत मी बरी आहे. तू विणलेला स्वेटर आहे, त्यामुळे थंडी सोसते. तुझा गुडघा कसा आहे? इथे मक्याचा पाव मिळतो, पण मेले त्यात साखर घालतात.

काल माझं विधेयक पडलं. घरातली बंदूक कुलपात ठेवा, एवढंच मागितलं होतं. तासाभराने त्याच आमदारांनी माझ्या टेव्हियनसाठी उभं राहून शांतता पाळली आणि आपल्या घरापुढच्या रस्त्याला त्याचं नाव द्यायचं एकमताने ठरवलं. वर टाळ्या! एकजण म्हणाला, "बाई, तुम्ही शाळेची बस चालवायचात, रस्त्याचं मोल तुम्हालाच कळणार." मी हसले. काय करणार? माझं पोर मित्राकडे खेळायला गेलं, मित्राच्या हाताला गादीखालचं पिस्तूल लागलं, आणि मला मिळाला रस्ता.

पाटी लावायला माणसं येतील. त्यांना बर्फ घातलेला चहा दे, पण फोटोला उभी राहू नकोस.

माझी केझाया शाळेतून तुझ्याकडेच येते ना? नीट जेवते ना?

आणि आई, बाबांचं पिस्तूल अजून तुझ्या उशाशी, बायबलच्या खणातच आहे. परवा फोनवर म्हणालीस, "चोर आल्यावर मी किल्ली शोधत बसू?" काल सभागृहात अगदी हेच बोलून त्यांनी माझं विधेयक पाडलं.

सोबत कुलूप पाठवलंय. आजच लाव. मला केझायाच्या नावाचा रस्ता नकोय.

तुझीच,
वर्लीन